कंबर किती दुखते, हे कसं मोजतात?

सूरतहून मुंबईकडे निघालं की उधना, भेस्तान आणि मग सचिन. इथल्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, यंत्रमाग आहेत, रंगाई-छपाईच्या मिल आहेत, आणि ओडिशा-उत्तर प्रदेशच्या मजुरांच्या जोडीला जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली आपली खानदेशी माणसं आहेत. बारा-बारा तासांची पाळी. उभ्याउभ्या तुटलेला धागा जोडायचा, भरलेला बीम चढवायचा, कापडाचा ताका उचलून रचायचा. कंबर धरते. उसण भरली म्हणून आधी शेक, मग पट्टा, मग गोळी, मग इंजेक्शन, आणि सुट्टीत गावी गेलं की मालिशवाला. कशाने बरं वाटलं, असं चौघांना विचारा, चार उत्तरं मिळतील.

जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. एवढ्या माणसांवर चाललेल्या शेकडो उपायांतला खरा कोणता, हे ठरवायचं तर आधी दुखणं मोजता यायला हवं.

एमआरआय काढला की कळेल, असं वाटतं. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या २०१५ साली एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजू लागलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के. आणि यांच्यापैकी कुणाचीही तक्रार नव्हती! झीज चित्रात दिसते, दुखणं दिसत नाही.

मग उरतो एकच मार्ग: ज्याचं दुखतं त्यालाच विचारायचं. कसं विचारायचं, यातच सगळी कमाल आहे. इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावी तयार झालेली एक प्रश्नावली जेरेमी फेअरबँक आणि सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. ती ‘किती दुखतं’ एवढ्यावर थांबत नाही. वजन उचलता येतं का, किती चालता येतं, किती वेळ बसता आणि उभं राहता येतं, झोप किती लागते, अंघोळ-कपडे आपले आपण जमतात का, प्रवास, चारचौघांत मिसळणं, लैंगिक जीवनसुद्धा. एकूण दहा बाबी, प्रत्येकीला शून्य ते पाच गुण. जितके गुण जास्त, तितका माणूस अडलेला. मराठी रुग्णांसाठीही ही प्रश्नावली तयार आहे. ती भरवशाची आहे का, याची तपासणी २०१३ साली ‘स्पाइन’ या नियतकालिकात छापून आली.

समजा, माग चालवणाऱ्या एकाने ती भरली. वजन उचलण्यात चार, उभं राहण्यात चार, झोपेत दोन, असं करत पन्नासपैकी बावीस झाले, म्हणजे ४४ टक्के. सहा आठवड्यांच्या उपचारानंतर पंधरा, म्हणजे ३० टक्के. हा फरक त्याला स्वतःला जाणवेल का? तज्ज्ञांनी २००८ साली ठरवलेला अंदाज असा: टक्क्यांच्या या मोजणीत निदान दहा अंकांची घट हवी, आणि ती मुळाच्या तीस टक्क्यांच्या आसपास हवी. आपला माणूस दोन्हींत बसला. आकडा नुसता हलून भागत नाही, माणसाला तो जगताना जाणवला पाहिजे, ही अट मला फार मोलाची वाटते.

तरीही उपचार लागू पडला, असं म्हणता येत नाही. कंबरदुखीला भरती-ओहोटी असते, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर काहीही केलं, किंवा काहीच केलं नाही, तरी पुष्कळदा ते थोडं उतरतंच. श्रेय मात्र त्या दिवशीच्या गोळीला जातं. म्हणून चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट पाडायचे आणि एका गटाला खोटा उपचार द्यायचा. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर असंच केलं, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. एका गटाला अॅक्युपंक्चरच्या शास्त्रोक्त सुया, दुसऱ्याला चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला औषधं, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्के लोकांना गुण आला होता. खोट्या सुयांनी ४४.२ टक्के. नेहमीच्या उपचारांनी फक्त २७.४! सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. कुणीतरी जवळ बसून, वेळ देऊन, काळजीने काहीतरी केलं, याने पडला असावा.

लिस्बनमधल्या संशोधकांनी तर खोटेपणाही काढून टाकला. यात औषध नाही, असं रुग्णांना स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत त्यांचं दुखणं ३० टक्क्यांनी उतरलं, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचं ९ टक्क्यांनी. २०१६ सालचा हा प्रयोग छोटा होता, शंभराच्या आतला. तरी तो वाचल्यापासून ‘मनाचं दुखणं’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. त्यांचं दुखणंही खरं होतं आणि उतारही खरा.

इतक्या कडक चाळणीतून खाली काय उरतं? २०२५ साली शस्त्रक्रियेवाचूनचे ५६ उपाय आणि ३०१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. खोट्या उपचाराहून सरस ठरला तो साधारण दहातला एक, तोही थोडक्याने. जुनाट दुखण्यासाठी जे टिकले त्यांत व्यायाम आहे.

मोजायची आणखी एक साधी रीत आहे: पुढची उसण भरेपर्यंतचे दिवस मोजायचे. ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू चालणं वाढवायला लावलं. आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास, हे लक्ष्य. दुखणं परतायला त्यांना, मध्यक काढला तर, २०८ दिवस लागले, इतरांना ११२. कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्याला या ९६ दिवसांची किंमत सांगावी लागत नाही. पण बारा तास मागापुढे उभं राहून थकलेल्या पायांना वरून अर्धा तास चालणं मानवेल का, हे ऑस्ट्रेलियातल्या आकड्यांवरून ठरणार नाही. ते सचिनमध्येच, दोन्ही पाळ्यांच्या लोकांना चिठ्ठ्या टाकून, मोजायला हवं. मराठी प्रश्नावली तर हाताशी आहेच.