खाऱ्या पाण्याची छोटी टाकी : कोणता मासा कोणाबरोबर नांदेल?



गप्पी, मॉली, गोल्डफिश असलेली गोड्या पाण्याची टाकी आता बऱ्याच घरांत आणि शाळांत दिसते. पण मुलांनी ‘फाइंडिंग निमो’ पाहिला की पुढची मागणी ठरलेली असते : “आपल्याकडे निमो आणि डोरी आणूया ना!” हा चित्रपट २००३ सालचा, पण मागणी अजून जुनी झालेली नाही.

आमच्या शाळेतही असंच झालं. खाऱ्या पाण्याची टाकी लावली. दुकानदार म्हणाला, “आधी निळा डॅमसेल टाका, स्वस्त आहे आणि मरत नाही.” आम्ही टाकला. तीन आठवड्यांनी दोन छोटे क्लाउनफिश, म्हणजे मुलांचे निमो, आणले. डॅमसेलने पहिल्या दिवसापासून त्यांचा पाठलाग सुरू केला. आठवड्याच्या आत एक क्लाउन फाटलेल्या परांनिशी तळाशी मेलेला मिळाला. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, डॅमसेलने मारला, पण त्याला तिथे कोणी ठेवलं होतं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. समुद्रात हरलेला मासा पळून जातो. टाकीत पळायला जागाच नसते. म्हणून कोणाला कोणाबरोबर ठेवायचं हे आपण विकत घेण्याआधी ठरवायला हवं. तेच या लेखात समजून घेऊ.

माशांच्या आधी पाणी

नवशिक्यांसाठी साधारण ७५ × ३५ × ३५ सेंटिमीटरची टाकी धरू. हिशोबाने ती सुमारे ९२ लिटरची होते. पण आत खडक आणि वाळू असते, वरपर्यंत पाणी भरत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष पाणी ७५ लिटरच्या आसपास राहतं. यापेक्षा लहान टाकी सोपी वाटते, पण असते उलट. पाणी जितकं कमी, तितका बिघाड लवकर होतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यासाठी मत्स्यालयाचं खास मीठ मिळतं. स्वयंपाकातलं मीठ चालत नाही. चौपाटीवरून कळशी भरून आणलेलं पाणीही नको, शहराजवळच्या किनाऱ्याचं पाणी स्वच्छ नसतं.

टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. खडकांवर आणि फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच पहिला मासा. ‘पाणी तयार करायला’ म्हणून एखादा स्वस्त मासा सोडू नका. आमचा डॅमसेल तसाच आला होता आणि टाकीचा मालक होऊन बसला.

मासा निवडताना विचारायचे तीन प्रश्न

१) मोठा झाल्यावर केवढा होईल? दुकानात दिसतं ते पिल्लू असतं. डोरी म्हणजे ब्लू टँग. पिल्लू चार-पाच सेंटिमीटरचं दिसतं, पण वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातं, म्हणजे आपल्या शाळेतल्या फूटपट्टीएवढं! आपल्या टाकीची रुंदीच ३५ सेंटिमीटर आहे. म्हणून डोरीला नाहीच म्हणायचं. आपल्यासाठी मासा मोठा होऊनही दहा सेंटिमीटरच्या आसपास राहणारा हवा.

२) टाकीत राहणार कुठे? काही मासे वाळूवर बसतात, काही खडकाच्या कपारीत राहतात, काही मोकळ्या पाण्यात तरंगतात. एकाच मजल्यावर दोन बिऱ्हाडं आली की भांडण होतं. प्रत्येकाचा मजला वेगळा असेल तर एकमेकांशी संबंध कमी येतो. शिवाय एकसारख्या आकाराचे आणि रंगाचे मासे एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात, म्हणून दिसण्यातही फरक असलेला बरा.

३) खातो काय? ज्याच्या तोंडात दुसरा मासा मावतो, तो कधीतरी त्याला खाणारच. याउलट जो मासा आपण टाकलेलं खाद्य ओळखतच नाही, तो भरल्या ताटापुढे उपाशी मरतो. दुकानात “याला माझ्यासमोर खायला घाला” असं सांगायला संकोच करू नका. न खाणारा मासा घरी आणायचा नाही.

जमवून घेणारे मासे

ऑसेलारिस क्लाउनफिश. हाच निमो. आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, दाणे आणि गोठवलेली आर्टेमिया आवडीने खातो. त्याला टाकीत समुद्रफूल लागतंच असं नाही. नवशिक्याने समुद्रफूल आणूच नये, ते सांभाळणं कठीण. एक लहान आणि एक थोडा मोठा अशी दोन पिल्लं घ्या. क्लाउनफिश जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ मासा मादी होतो आणि धाकटा नरच राहतो. दोन वेगवेगळ्या जातींचे क्लाउन मात्र एकत्र ठेवू नका. मरून क्लाउन नावाचा लालसर मासा तर या टाकीसाठी फारच भांडखोर.

यलो वॉचमन गोबी. पिवळाधमक, दहा सेंटिमीटरच्या आसपास, तळाशी राहणारा. त्याच्याबरोबर पिस्तूल कोळंबी ठेवता आली तर वर्गासाठी पर्वणीच! या कोळंबीची नजर अधू असते. ती बीळ खोदते, गोबी दारात पहारा देतो. कोळंबी आपली मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो आणि दोघंही आत जातात. सहजीवनाचा धडा फळ्यावर शिकवण्यापेक्षा हे दाखवणं सोपं.

रॉयल ग्रामा. कॅरिबियन समुद्रातला, पुढून जांभळा आणि मागून पिवळा, साधारण आठ सेंटिमीटरचा. एक कपार धरून राहतो. तिथे कोणी आलं तर तोंड वासून दाखवतो, पण सहसा तेवढ्यावरच भागतं. टाकीत एकच ठेवा. दुकानात नीट बघून घ्या, कारण रॉयल डॉटीबॅक नावाचा मासाही जांभळा-पिवळाच असतो आणि तो चांगलाच दांडगट. ओळखायची खूण अशी : ग्रामामध्ये जांभळा रंग हळूहळू पिवळ्यात मिसळतो, डॉटीबॅकमध्ये रेघ मारल्यासारखा तुटतो.

फायरफिश. पांढरा-लाल, डोक्यावर उंच तुरा, अतिशय भित्रा. घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचं झाकण हवंच. हाही एकच ठेवावा.

बांगाई कार्डिनल. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा, काळ्या पट्ट्यांचा शांत मासा. मादीने दिलेली अंडी नर तोंडात सांभाळतो आणि त्या काळात खात नाही. निसर्गातली याची संख्या पकडापकडीमुळे धोक्यात आली आहे, म्हणून पैदास केंद्रातलाच मिळत असेल तर घ्या.

हे मासे नकोत

- निळा डॅमसेल, डोमिनो डॅमसेल : स्वस्त, चिवट आणि छोट्या टाकीत दादागिरी करणारे.
- मँडरिन : फार देखणा, पण बारीक जिवंत जीव टिपून खातो. नव्या छोट्या टाकीत ते पुरत नाहीत आणि तो हळूहळू वाळतो.
- लायनफिश : काटे विषारी. लहान मासे अख्खे गिळतो. मुलांच्या आसपास तर नकोच.
- बटरफ्लाय फिश : यातले बरेच प्रवाळ खाणारे. टाकीतलं खाद्य धरतीलच असं नाही.
- समुद्रघोडा : आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. प्रवाळही तसेच. कोणी ‘गुपचूप देतो’ म्हणालं तरी घेऊ नका.

मग टाकीत किती आणि कोण?

७५ लिटर पाण्यात तीन किंवा फार तर चार छोटे मासे. हो, एवढेच! सर्वांना हे कमी वाटतं. गोड्या पाण्यात आपण पंधरा गप्पी बघितलेले असतात. पण प्रवाळ खडकांवरचे बरेच मासे आपापली हद्द राखून राहतात. आमच्या टाकीत आता अशी मंडळी आहेत : वर दोन क्लाउन, मधल्या कपारीत एक रॉयल ग्रामा, खाली एक गोबी. ग्रामाच्या जागी फायरफिशही चालला असता.

आणायचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच माशांचं असतं. जो आधी येतो तो हद्द धरतो आणि नंतरच्याला उठवतो. म्हणून लाजाळू मासा आधी, धीट मासा शेवटी. आधी गोबी (किंवा फायरफिश), मग ग्रामा आणि शेवटी क्लाउनची जोडी. प्रत्येक वेळी मध्ये किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या, म्हणजे जिवाणूंनाही वाढलेला भार पेलता येतो. जमल्यास नवा मासा आधी तीन-चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी एका माशाबरोबर येतो आणि सगळ्यांना लागतो.

एवढं करूनही भांडण झालं तर? फाटलेले पर, खाद्य टाकल्यावरही पुढे न येणारा मासा, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात दबून राहणारा मासा ही लक्षणं आहेत. “होईल सवय” म्हणून थांबू नका, आम्ही तेच केलं होतं. खडकांची मांडणी बदला म्हणजे जुन्या हद्दी मोडतात, खाद्य दोन टोकांना टाका, तरीही थांबलं नाही तर भांडखोराला बाहेर काढा. आमचा डॅमसेल पकडायला सगळे खडक बाहेर काढावे लागले. दुकानदार मासा परत घेईल का, हे खरेदीच्या आधीच विचारून ठेवा. नको झालेला मासा समुद्रात मात्र कधीच सोडायचा नाही. लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला, पण आज अटलांटिकच्या पश्चिम भागात पसरून तिथल्या माशांचा फडशा पाडतो आहे. मत्स्यालयांतून सोडलेले मासे हे त्याचं बहुधा कारण मानलं जातं.

आपल्याकडची काळजी

पाण्याचं तापमान २४ ते २७ अंश हवं. मे महिन्यात हे अवघड जातं. पृष्ठभागावर पंखा सोडला की पाणी थंड होतं, पण आटतंही जास्त. आटतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा. आणि शाळेसाठी सगळ्यात मोठा प्रश्न : दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत टाकीकडे कोण बघणार? या प्रश्नाला एका माणसाचं नाव हे उत्तर नसेल, तर टाकी लावूच नका.

वर्गात काय करून घ्याल?

- गणित : ७५ लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे किती क्षार लागतील? (सुमारे २.६ किलो)
- विज्ञान : रोजच्या चाचणीवरून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांचा आलेख काढणे.
- परिसर : पाच माशांची माहितीपत्रकं द्या आणि गटाने ‘कोण कोणाबरोबर’ हे कारणांसह ठरवू द्या. मासे नंतर आणा, ही चर्चा आधी घ्या.

हा शेवटचा उपक्रम टाकी नसली तरी करता येतो. आमच्या त्या पाचवीच्या वर्गानेच पुढची यादी ठरवली. डोरी हवी म्हणणाऱ्या मुलाने स्वतः फूटपट्टी टाकीला लावून पाहिली आणि डोरीचं नाव खोडलं. ज्या मुलीने मला प्रश्न विचारला होता, तिने वहीत लिहिलं, “आधी विचारायचं, मग आणायचं.”

तुमच्या घरी किंवा शाळेत टाकी लावायचा विचार असेल, तर एवढं एक वाक्य काचेवर चिकटवून ठेवा.