पावसाळ्यातील सायकल आणि घ्यावयाची काळजी



मृग जवळ आला की आपण बियाणे, खत, अवजारे यांची तयारी करतो. घरच्या सायकलीकडे मात्र कोणी बघत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. नेमक्या याच दिवसांत रोवणीचे मजूर, डेअरीवर दूध नेणारे आणि शाळेची मुले सायकलीवर असतात. म्हणून थोडी तयारी तिचीही करा.

पहिली गोष्ट ब्रेकची. ब्रेकचे रबर रिमला घट्ट धरते, म्हणून सायकल थांबते. रिम ओली झाली की मध्ये पाण्याचा थर येतो, रबर घसरते आणि सायकल नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन थांबते. उतार किंवा वळण येण्याआधीपासून ब्रेक हलके दाबत चला, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाईल. नुसता पुढचा ब्रेक दाबू नका. दोन्ही सोबत, हळूहळू दाबा. झिजलेली रबरे मृगाआधीच बदला. चेनला तेल द्या, पण रिमवर थेंबही पडू देऊ नका.

एका हातात छत्री धरून सायकल चालवू नका. एक हात गुंतला म्हणजे एक ब्रेक गेला, आणि वाऱ्याने छत्री उलटली की तोलही गेला. लांब, सैल कोट चाकात अडकतो. शर्ट आणि पँट असा दोन भागांचा रेनकोट घ्यावा. रंग पिवळा असावा, म्हणजे झडीच्या अंधुक उजेडात ट्रकवाल्याला लांबून दिसेल. मुलींनी ओढणी आणि बायांनी पदर खोचूनच बसावे. वह्या-पुस्तके जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग दप्तरात ठेवावीत. कीटकनाशकाची रिकामी पिशवी मात्र धुऊनही वापरू नये.

चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखल सांडतात. त्यावर सर पडली की रस्ता लोण्यासारखा निसरडा होतो. तिथे उतरून चाला. ट्रॅक्टर बांधीतून काढल्यावर चाके खरवडून घेतलीत, तर दुसऱ्याच्या लेकराचे हातपाय शाबूत राहतील.

विजा कडाडू लागल्या तर सायकल सोडा आणि पक्क्या घरात जा. रबरी टायरमुळे वीज टळत नाही, आणि झाडाखाली थांबणे सर्वांत धोक्याचे. घर जवळ नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. नाल्याच्या रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर सायकल घालू नका आणि हाताने ढकलतही नेऊ नका. वीतभर वाहते पाणीही पाय उचलते, आणि खालचा रस्ता खचला आहे की नाही ते गढूळ पाण्यातून दिसत नाही. पाऊस थांबला म्हणून पाणी उतरले असे समजू नका. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणीही त्यात होते. वर कुठे पाऊस पडला किंवा धरणातून पाणी सोडले, तर आपल्याकडे ऊन असतानाही नदी चढते आणि नाले तुंबतात.

म्हणून मुले शाळेला निघतानाच त्यांना नीट सांगा, की रपट्यावर पाणी दिसले तर अलीकडेच थांबायचे आणि जवळच्या गावात ओळखीच्या घरी जायचे. ते घर कोणते, हे आजच ठरवून ठेवा. उशीर झाला तरी रागावणार नाही, हेही सांगा. घरच्या बोलण्याच्या धाकाने पोरे पाण्यात सायकल घालतात. शाळेचा एक खाडा पुढे भरून काढता येतो.