जाहिरातीआधी दुकान सावरा : घरगुती खाद्यविक्रीचे ऑनलाइन गणित

मे महिना उजाडला की गोव्यात पुरुमेंताची लगबग सुरू होते. सोले, सुकी मिरची, चिंच, सुकी मासळी, माडाचा गूळ असा पावसाळ्याच्या चार महिन्यांचा साठा मडगाव-म्हापशाच्या बाजारांतून घरोघरी येतो. पुणे, मुंबई किंवा बेळगावात स्थायिक झालेल्या गोमंतकीयांनाही याच दिवसांत या वस्तूंची आठवण होते. ही मागणी ओळखून अनेक घरगुती उत्पादकांनी आणि स्वयंसाहाय्य गटांनी स्वतःची संकेतस्थळे उघडली आहेत. मात्र दुकान उघडले म्हणून ग्राहक येतोच असे नाही, आणि आलेला ग्राहक खरेदी करतोच असेही नाही. विक्री होत नाही असे दिसताच बहुतेकांचा पहिला उपाय जाहिरात हा असतो. घरच्या बचतीतून उभारलेले भांडवल नेमके तिथेच सर्वांत वेगाने संपते.

जाहिरात वाईट नाही. परंतु सदोष दुकानाकडे अधिक माणसे वळवल्याने दोष दूर होत नाही, केवळ महाग होतो. म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

एका ऑर्डरची खरी किंमत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महिन्याला १,००० जण दुकानाच्या पानावर येतात, त्यांपैकी १० जण खरेदी करतात आणि सरासरी ऑर्डर ५०० रुपयांची असते. म्हणजे विक्री ५,००० रुपयांची. आता मालकाने जाहिरात दिली आणि प्रत्येक भेटीमागे ५ रुपये मोजले, तर आणखी १,००० जण आणण्यास ५,००० रुपये लागतील. पूर्वीच्याच प्रमाणात खरेदी झाली तर १० नव्या ऑर्डरी मिळतील आणि त्यांतून येणारी सगळी रक्कम जाहिरातीतच जाईल. कच्चा माल, मजुरी, वेष्टन आणि टपालखर्च हे सारे पदरचे.

समजा, पाने सुधारल्यामुळे १,००० पैकी २० जण खरेदी करू लागले आणि सरासरी ऑर्डर ८०० रुपयांवर गेली. सर्व खर्च वजा जाता ३० टक्के शिल्लक राहत असेल तर एका ऑर्डरमागे २४० रुपये हाती येतात. जाहिरातीचा वाटा मात्र २५० रुपयांचा. इतक्या सुधारणेनंतरही पहिल्या विक्रीत १० रुपयांचा तोटाच आहे. तोच ग्राहक दोन महिन्यांनी जाहिरातीविना परत आला, तर मात्र ते २४० रुपये पूर्णपणे दुकानाचे होतात.

या हिशेबातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. आलेल्यांपैकी किती जण विकत घेतात, एका वेळी किती घेतात आणि पुन्हा येतात की नाही, यांवर दुकानाचे आयुष्य ठरते. भेट देणाऱ्यांची संख्या त्यानंतरची.

ग्राहकाच्या तोंडचा शब्द

शोधयंत्रावरून विनामूल्य येणारा ग्राहक सर्वांत मोलाचा असतो, कारण तो काहीतरी शोधतच आलेला असतो. परंतु तो कोणता शब्द लिहून शोधतो, हे विक्रेत्याला ठाऊक असावे लागते. एकाच फळाचे उदाहरण पुरेसे आहे. गोव्यात ज्याला भिंड आणि त्याच्या सुकवलेल्या सालीला सोल म्हणतात, ते फळ शेजारच्या सिंधुदुर्गात रातांबा होते. देशावरच्या स्वयंपाकघरात तीच साल आमसूल म्हणून ओळखली जाते आणि बिगरमराठी ग्राहक केवळ कोकम हाच शब्द जाणतो. पानावर फक्त ‘सोले’ एवढाच शब्द असेल तर पुण्यातील गृहिणीला ते दुकान सापडण्याची शक्यता फारच कमी. तेफळ आणि तिरफळ यांचेही तसेच. शिवाय अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत आणि निरनिराळ्या पद्धतीने लिहून शोधतात. वस्तूच्या वर्णनात ही सर्व नावे ओघाने, वाक्याच्या अर्थात बसतील अशी यावीत. शब्दांची निरर्थक माळ ओवल्यास शोधयंत्राची मर्जी राहत नाही आणि वाचकही वैतागतो.

कधी नावांतील फरक हा वस्तूंतीलच फरक असतो. माडाचा गूळ नारळाच्या झाडाच्या रसापासून होतो, तर ताडगूळ ताडाच्या रसापासून. ताडगूळ शोधत आलेल्याला हा भेद पानावरच समजला, तर तो जाणीवपूर्वक खरेदी करील. न समजल्यास पार्सल उघडल्यावर तक्रार करील.

लोक कोणते शब्द लिहून आपल्या पानापर्यंत पोहोचले, हे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात पाहता येते. महिन्यातून एकदा ती यादी वाचणे हे कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाइतकेच उपयुक्त ठरू शकते. त्याला जोड द्यावी ती दूरध्वनीवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची. बेबिंका किती दिवस टिकते, आगळात मीठ असते का, उकड्या तांदळाला पाणी किती घालावे, अशा प्रत्येक प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणारे एक स्वतंत्र पान तयार केले तर तेच दुकानाचे नवे दार ठरते.

नाकाचे काम शब्दांनी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ग्राहक मिरची मोडून पाहतो, सोलाचा ओलसरपणा बोटांनी तपासतो, काजूगर तोंडात टाकतो. ऑनलाइन दुकानात यांतील काहीच शक्य नसते. म्हणून त्या तपासणीतून मिळणारी प्रत्येक माहिती पानावर असावी लागते.

काजूचेच पाहा. दोन दुकानांच्या दरांत मोठी तफावत दिसली की ग्राहक स्वस्त पर्याय निवडतो. परंतु अखंड पांढऱ्या काजूगराची प्रत आकारावरून ठरते. ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे एका पौंडात, अर्थात सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० गर बसतात. ‘डब्ल्यू १८०’ मध्ये जास्तीत जास्त १८०. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि दर चढा. ही दोन ओळींची माहिती दिली तर महाग वाटणारा दर रास्त वाटू लागतो. गर सालीसह आहे की सोललेला, अखंड आहे की तुकडा, हेही तिथेच सांगावे. छायाचित्रात हाताचा तळवा किंवा वाटी असली तर आकाराचा अंदाज येतो. वस्तूचे निव्वळ वजन, घटक, टिकण्याचा कालावधी, साठवण्याची पद्धत आणि टपालखर्चासह एकूण किंमत ग्राहकाला शोधावी लागू नये. अखेरच्या टप्प्यावर अचानक वाढलेली रक्कम पाहून भरलेली टोपली तशीच टाकून जाणारे थोडे नसतात.

हे सारे मोबाइलवर झटपट उघडणेही तितकेच आवश्यक. पानावरील मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. कॅमेऱ्यातून काढलेली अवाढव्य छायाचित्रे जशीच्या तशी चढवल्याने अनेक पाने रेंगाळतात; त्यांचा आकार कमी करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

खोक्याचा आकार, नफ्याचा आकार

खाद्यवस्तूंच्या ऑनलाइन विक्रीत नफा अनेकदा खोक्यात अडकतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर दर आकारतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला सहसा ५,००० ने भागले जाते. ३० सेंटिमीटरच्या घनाकृती खोक्यात एक किलो खाजे भरले तरी त्याचे वजन ५.४ किलो धरले जाईल. तेच खाजे ३० बाय २० बाय १० सेंटिमीटरच्या खोक्यात बसवले तर १.२ किलोचाच आकार लागेल. हलक्या पण जागा व्यापणाऱ्या पदार्थांसाठी योग्य मापाची खोकी हीच मोठी बचत असते.

एकाच लहान वस्तूची ऑर्डर टपालखर्चामुळे ग्राहकालाही परवडत नाही. सोले, तेफळ आणि खोल्याची मिरची असा हुमणाचा संच केला, किंवा ठरावीक रकमेपुढे टपालखर्च माफ ठेवला, तर सरासरी ऑर्डर वाढते. ती मर्यादा मात्र सध्याच्या सरासरीपेक्षा थोडीच वर असावी आणि माफ केलेला खर्च नफ्यातून भरून निघतो का, हे आधी तपासावे. आगळाची काचेची बाटली फुटली तर सोबतचा सगळा माल जातो. पावसाळ्यात दमट हवेने खाजे मऊ पडते. म्हणून कोणती वस्तू कोणत्या ऋतूत आणि किती दूर पाठवायची, याचे नियम दुकानाने स्वतः घालून घ्यावेत.

कायदा हाही विश्वासाचाच भाग

अनोळखी स्वयंपाकघरातील पदार्थ विकत घेताना ग्राहक भरवसा शोधतो. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना आणि त्याचा १४ अंकी क्रमांक असणे हे बंधनकारक आहेच. तो संकेतस्थळावर ठळक दाखवल्यास विक्रीलाही हातभार लागतो. वजनमापविषयक नियमांनुसार वेष्टित वस्तूचे नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहक संपर्क हा तपशील ऑनलाइन पानावरही द्यावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. ग्राहक असल्याचे भासवून विक्रेत्याने स्वतःच अभिप्राय लिहिण्यासही हे नियम मनाई करतात. खऱ्या ग्राहकाचे तीन प्रामाणिक अभिप्राय, त्यांत एखादी उणीव नोंदवलेली असली तरी, तीस गुळगुळीत स्तुतींहून अधिक काम करतात.

विक्री वाढवण्याच्या भरात काही मोहही टाळावे लागतात. कोकमाने वजन उतरते किंवा अमुक रोग बरा होतो, असे दावे करणे धोक्याचे आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्नसुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खोल्याची मिरची, खाजे, बेबिंका, काजू अशा गोव्याच्या अनेक उत्पादनांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. त्या मानांकनाचा वापर करायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. एकदा ती झाली की मूळ गावाची कथा पानावर अभिमानाने सांगता येते.

परराज्यातील ग्राहकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. गोव्यातल्या गोव्यात विकताना वस्तू व सेवा करासाठी जी उलाढालीची सवलत मिळते, ती करपात्र माल राज्याबाहेर विकताना लागू होत नाही. काही अपवाद वगळता पहिल्याच ऑर्डरपासून नोंदणी आवश्यक ठरते. पुण्या-मुंबईच्या ग्राहकांसाठी जाहिरात देण्यापूर्वी करसल्लागाराशी बोलून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

परत येणारी पावले

वरच्या हिशेबातील नफा दुसऱ्या ऑर्डरीत होता. ती मिळवण्यासाठी पार्सलमध्ये एक छोटी चिठ्ठी पुरते : सोलकढीची कृती, माल उघडल्यावर तो कसा ठेवावा याची सूचना आणि संपर्काचा क्रमांक. ग्राहकाची संमती घेऊन व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवता येतात. परंतु रोजच्या शुभेच्छा पाठवणाऱ्याला लोक गप्प बसवतात. त्याऐवजी ऋतूंचे वेळापत्रक पाळावे. नवी सोले वाळून तयार झाली, पुरुमेंताचा संच बांधला, चतुर्थीसाठी नेवऱ्यांच्या ऑर्डरी अमुक तारखेपर्यंतच घेतल्या जातील, अशा बातमीला मोल असते. संकेतस्थळावरील सणांची पाने तर काही आठवडे आधीच तयार हवीत, कारण शोधयंत्राला ती हेरून वर आणण्यास वेळ लागतो.

या सर्वांची नोंद वहीतही ठेवता येते. आठवड्याला किती जण आले, किती ऑर्डरी मिळाल्या, सरासरी ऑर्डर कितीची होती आणि त्यांत जुने ग्राहक किती, एवढे चार आकडे पुरेत. एका वेळी एकच बदल करावा आणि तीन-चार आठवडे त्याचा परिणाम पाहावा. भेटी भरपूर पण ऑर्डरी नाहीत, तर दोष पानात, किमतीत किंवा टपालखर्चात. ऑर्डरी आहेत पण जुने ग्राहक नाहीत, तर दोष मालात किंवा पाठवणीत. आणि येणाऱ्यांपैकी बरेच जण विकत घेतात, पुन्हा येतात, पण येणारेच मोजके आहेत, असे चित्र दिसले, तर समजावे की आता जाहिरातीवर पैसा खर्च करण्याची वेळ आली आहे.