दाखल्यांचा मोसम

सकाळी ८, पेण
शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. जुलैत पेणमध्ये दोनच धंदे जोरात असतात: गणपतीचे कारखाने आणि आमच्यासारखी फॉर्म भरून देणारी केंद्रं. गिऱ्हाईक बरंचसं तेच. कारखान्यातली माणसं सकाळची पाळी चुकवून येतात आणि घड्याळाकडे बघत बसतात.

आज पहिली हमरापूरची एक आई आणि तिची मुलगी. आई गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. बोटांच्या पेरांवर काळा रंग बसलेला, म्हणून फाइल तळहातावर धरून आणलेली. कागदाला बोट लागू देत नाही. मुलीच्या हातात मात्र गुळगुळीत, रंगीत पत्र. पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठाचं. वर ‘अभिनंदन’, खाली ‘मेरिट स्कॉलरशिप २५ टक्के’.

“ताई, शिष्यवृत्ती लागलीय हिला. महाडीबीटीवर टाकून द्या तेवढी.”

इथे मला रोज तेच सांगावं लागतं आणि रोज ते ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. हे पत्र महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर टाकायचं नसतं. ही सरकारची शिष्यवृत्ती नाही, विद्यापीठाने स्वतःच्या छापील फीवर दिलेली सूट आहे. त्याहून वाईट म्हणजे तिथे प्रवेश घेतला की सरकारची सवलत जाते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांना पूर्ण माफ झालं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. म्हणजे गरज बघून द्यायची सरकारी मदत विद्यापीठाच्या गेटपाशी थांबते, आणि गेटच्या आत फक्त मार्क बघतात.

कागद घेऊन हिशोब मांडला. छापील फी साडेतीन लाख. पंचवीस टक्के गेले की दोन लाख बासष्ट हजार पाचशे. चार वर्षांचे साडेदहा लाख, आणि तेही दरवर्षी ठरलेला सीजीपीए राखला तर. मुलीने पत्र उलटून बारीक अक्षरातली अट वाचली. तिने ती आधी वाचली नव्हती असं नाही, आईला सांगितली नव्हती.

दुसऱ्या बाजूला कॅपमध्ये पनवेलकडच्या कॉलेजात सीट लागण्यासारखे गुण. शिक्षण शुल्क शून्य. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस मात्र आपल्या खिशातून.

“आणि पैसे गणपती झाल्यावर दिले तर चालतील का?” आईने विचारलं. हा प्रश्न पेणमधला प्रत्येक जण विचारतो. कारखान्यांचा पैसा विसर्जनानंतर हातात येतो, प्रवेशाची मुदत त्याआधी संपते. कुठल्याही शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकात या प्रश्नाचं उत्तर नसतं.

सकाळी ११
उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज. तलाठ्याचा अहवाल, मग तहसीलदारांची डिजिटल सही. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पेणमध्ये अजून कुणी म्हणत नाही.

मध्येच गावातले एक डॉक्टर मुलाला घेऊन आले. मुलाला दुसऱ्या एका खाजगी विद्यापीठाची पन्नास टक्के सूट मिळाली आहे. मुलगा खरंच हुशार. शिवाय दोन वर्षं नवी मुंबईत राहून क्लास केलेला. त्याचा खर्च डॉक्टरांनी स्वतःच बोलून दाखवला आणि हसून म्हणाले, “वसूल झाला.” त्यांचं काही चुकलेलं नाही. पण मोठी सूट ज्या घराला मिळाली त्याला तिच्यावाचून अडलं नसतं आणि लहान सूट मिळाली त्याला ती पुरत नाही, हे एकाच सकाळी, एकाच टेबलावर दिसतं. त्या विद्यापीठाला वरच्या पर्सेंटाइलची मुलं हवीत, त्यासाठी ते किंमत कमी करतात. करोत बापडे. त्याला मदत म्हणू नये एवढंच.

दुपारी १.३०, रोह्याची एसटी
आठवड्यातून एकदा रोह्याला मैत्रिणीच्या केंद्रावर बसते. वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड. खिंडीत पाऊस असा की कंडक्टरने सगळ्यांना खिडक्या ओढायला लावल्या.

रोह्यात गुणवत्तेविरुद्ध बोलायची सोय नाही. हे चिंतामणराव देशमुखांचं गाव. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, १९१८ ला आयसीएसच्या परीक्षेत पहिले, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. इथल्या कॉलेजलाही त्यांचं नाव आहे. अभिमान वाटतोच. पण वडील वकील होते, हेही त्यांच्या चरित्रात आहे. शंकरशेट शिष्यवृत्ती नसती तर चिंतामणराव शिकले नसते असं कुणी म्हणणार नाही. त्याच काळातले डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांवर; ती शिष्यवृत्ती नसती तर बोटीत बसणं शक्यच नव्हतं. कोलंबिया हे खाजगी विद्यापीठ. आज तिथे पदवीच्या मुलांना विद्यापीठ जी मदत देतं ती घरची परिस्थिती बघून. मार्कांसाठी वेगळे पैसे नाहीत.

दुपारी ३, रोहा
धाटावच्या एमआयडीसीतले एक ऑपरेटर, रात्रपाळी करून थेट आलेले. मुलगा खुल्या वर्गातला. त्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेचा फॉर्म भरायचा होता; मुलांना त्यात निम्मी फी मिळते. सगळे कागद चोख: कॅपचं अलॉटमेंट, डोमिसाइल, रेशन कार्ड. फॉर्म सोळा उघडला तर उत्पन्न आठ लाख चोवीस हजार.

“ओव्हरटाइम आहे तो,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी जास्त केला, याच्या क्लाससाठी.”

मर्यादा आठ लाख. आठ लाखांना निम्मी फी, आठ लाख एक रुपयाला काही नाही. ओव्हरटाइम सोडून दिला असता तर फायद्यात राहिले असते. पगारदाराचं उत्पन्न पैशापर्यंत छापलेलं असतं. स्वतःचा धंदा असलेला सांगेल तेच त्याचं उत्पन्न. दोन गाड्या दारात असलेल्या घराचा अडीच लाखांचा दाखला मी या टेबलावर पाहिला आहे. गरजेवर मदत द्यावी या बाजूची मी, पण गरज मोजायची पट्टी इतकी आखूड असेल तर ऑपरेटरने मार्कांवरच भरवसा ठेवला तर त्याला दोष कसा देऊ? मार्कशीट निदान कुणाला खोटी वाटत नाही.

गरज दुसऱ्या तऱ्हेनेही मोजता येते. अशोका आणि अझीम प्रेमजी ही खाजगी विद्यापीठंच आहेत. तिथे घरची परिस्थिती बघून मदत कमी-जास्त ठरते, फी अंशतः किंवा पूर्ण माफ होते. हे ऑपरेटरांना सांगितलं. “तिथे इंजिनिअरिंग आहे का?” असं त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या मुलाला हवं असलेलं मेकॅनिकल तिथे नाही.

मग कर्जावर बोललो. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत. पुन्हा आठ लाख. तारण आणि जामीनदार नको, एवढा फायदा त्यांनाही मिळेल, पण कॉलेज योजनेच्या यादीत हवं. ते नव्हतं.

संध्याकाळी ५.३०
एक मुलगा नुसता विचारायला आला. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसला होता. साडेतीन लाखांच्या आतलं उत्पन्न आणि परीक्षेतले गुण, दोन्ही बघून वर्षाला बारा हजार, बारावीपर्यंत. “आता पुढे कोणती, मॅडम?” ती पुढे चालू राहत नाही. खर्च वाढतो त्याच वर्षी ती बंद होते. त्याला कॅपची तारीख लिहून दिली.

रात्री ९.३०, पेण
हमरापूरहून फोन.

“ताई, त्या विद्यापीठातनं आत्ताच फोन आला होता. चाळीस टक्के करतो म्हणाले, पण उद्या बारापर्यंत पैसे भरा. मार्क तर तेवढेच आहेत ना हिचे?”

चाळीस टक्के म्हणजे वर्षाला दोन लाख दहा हजार, हॉस्टेल वेगळं, असं मी सांगितलं आणि सकाळी साडेआठला मूळ दाखला घेऊन यायला सांगितलं. कॅपचा ऑप्शन फॉर्म अजून कन्फर्म करायचा राहिलाय.