सुट्टी संपू न देणारा खलनायक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलांच्या कार्टूनला शेवट नसतो, अशी आपली समजूत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. टीव्हीवरचा नोबिता वर्षानुवर्षं त्याच वर्गात बसून गुरुजींची बोलणी खातो. शिनचॅन पाच वर्षांचाच आहे. अमेरिकेतला बार्ट सिम्प्सन १९८९ साली त्याची मालिका सुरू झाली तेव्हा दहा वर्षांचा होता, आजही दहाच वर्षांचा आहे. विनोदी कार्टूनचा हा पायाच म्हणायचा. सुरुवातीला काहीतरी उलथापालथ होते, मध्ये हसून हसून पोट दुखतं आणि शेवटी सगळं होतं तसं जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाटी कोरी. अशा मालिका संपत नाहीत. नवे भाग निघायचे बंद होतात, एवढंच.

म्हणून जी मालिका ठरवून संपते, तिचा शेवट जरा थांबून बघण्यासारखा असतो. डिस्ने चॅनेलवर १५ जून २०१२ रोजी सुरू झालेली 'ग्रॅव्हिटी फॉल्स' ही अशी मालिका. दोन पर्वं, चाळीस भाग आणि १५ फेब्रुवारी २०१६ ला समाप्ती. तिचा कर्ता ॲलेक्स हर्श यानं नोव्हेंबर २०१५ मध्येच जाहीर केलं होतं, की मालिका कुणी बंद पाडलेली नाही, मीच ती संपवतो आहे. त्याच्या लेखी ही एका उन्हाळ्याची गोष्ट होती. उन्हाळा संपला, गोष्ट संपली. गिऱ्हाईक दारात उभं असताना दुकानाची फळी लावणारा माणूस विरळाच.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. डिपर आणि मेबल ही बारा वर्षांची जुळी भावंडं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडील त्यांना कॅलिफोर्नियाहून ऑरेगन राज्यातल्या एका जंगलातल्या गावी पाठवतात. तिथे त्यांचे चुलत आजोबा राहतात, स्टॅन. हे आजोबा म्हणजे पक्के ठकसेन. आपल्या घरातच 'मिस्टरी शॅक' नावाचं, खोट्या चमत्कारिक वस्तूंचं प्रदर्शन मांडून पर्यटकांच्या खिशाला चाट लावायची, हा त्यांचा धंदा. गंमत अशी, की आजोबांच्या वस्तू खोट्या असल्या तरी गावातली भुतंखेतं मात्र खरी आहेत. डिपरला जंगलात एक जुनी वही सापडते आणि तिच्यावरून तो या गूढांचा माग काढत राहतो. त्याची बहीण मेबल रंगीबेरंगी स्वेटर घालते, एक डुक्कर पाळते आणि सुट्टीतल्या प्रत्येक दिवसाच्या आठवणी एका वहीत चिकटवून ठेवते. चिकटवहीच म्हणू या तिला. ही चिकटवही लक्षात असू द्या.

आता शेवटाबद्दल बोलायचं म्हणजे शेवट सांगावा लागणार. ज्यांना स्वतः पाहायचा आहे, त्यांनी या क्षणी रेडिओ बंद केला तरी माझी हरकत नाही.

मालिकेचा खलनायक आहे बिल सायफर. एका डोळ्याचा पिवळा त्रिकोण, डोक्यावर उंच टोपी, गळ्यात बो. दिसायला विनोदी, बोलायला त्याहून विनोदी, आणि कुणाच्याही मनात शिरू शकणारा. पण त्याच्यावर एक बंधन आहे. समोरच्यानं होकार देऊन हात मिळवला, तरच त्याचा सौदा पक्का होतो. त्यामुळे तो जबरदस्ती करत नाही, आमिष दाखवतो. आणि जगात शिरण्यासाठी तो मेबलला कुठलं आमिष दाखवतो? सोनं नाही, राज्य नाही. सुट्टी आणखी थोडी लांबेल, एवढंच. तेरावा वाढदिवस आठवड्यावर आलेला, पुढे मोठी शाळा, त्यात भाऊ इथेच शिकायला राहणार म्हणतोय. रडवेली झालेली ती पोर दुसऱ्याच्या रूपात आलेल्या बिलच्या हाती हवी ती वस्तू देऊन बसते आणि आकाश फाटतं. पुढे ती एका बुडबुड्यात कैद होते. आत तिच्या मनासारखं जग आहे, तिथे उन्हाळा कधीच संपत नाही.

मला या मालिकेच्या शेवटातली सगळ्यात धीट गोष्ट वाटते ती ही. टीव्हीसमोर बसलेल्या लाखो मुलांच्या मनात त्या वेळी एकच इच्छा होती, की ही मालिका संपू नये. लेखकानं तीच इच्छा मेबलच्या तोंडी घातली आणि तीच खलनायकाचं हत्यार केली. प्रेक्षकाला न दुखावता त्याचा कान धरण्याची ही रीत आहे. डिपर तिला बुडबुड्यातून बाहेर काढतो तेही मारामारी करून नव्हे. मोठं होणं त्रासाचं आहे हे तो कबूल करतो आणि आपण बरोबर राहू म्हणतो. बस्स.

भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या शेवटच्या टप्प्याला 'निर्वहण' म्हटलं आहे. आधी इकडेतिकडे पेरलेली बीजं तिथे एका जागी गोळा व्हायची असतात. 'ग्रॅव्हिटी फॉल्स'च्या लेखकांनी नाट्यशास्त्र वाचलं असण्याचं कारण नाही, पण काम त्यांनी त्याच हिशेबानं केलं आहे. त्यातली एक पेरणी तर पहिल्या दिवसापासूनची. मालिकेच्या शीर्षकगीताच्या शेवटी क्षणभर एक चक्र दिसायचं. मध्ये त्रिकोण आणि भोवती दहा चिन्हं: पाइनचं झाड, उल्का, प्रश्नचिन्ह, चष्मा, सहा बोटांचा पंजा वगैरे. मुलं चित्र थांबवून ती चिन्हं उतरवून घेत. कुठलं चिन्ह कुणाचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. शेवटच्या भागात उत्तर मिळतं. दहा चिन्हांची दहा माणसं त्या चक्रावर हातात हात घालून उभी राहिली, तर बिलचा नाश होणार. भविष्यवाणीच आहे तशी. दहाही जण गोळा होतात, हात धरतात, चक्र उजळू लागतं.

आणि सगळं फिसकटतं. कशावरून म्हणाल तर व्याकरणावरून. स्टॅन आजोबांना एक जुळा भाऊ आहे, फोर्ड. हा मोठा शास्त्रज्ञ, सहा बोटांचा. तीस वर्षं तो दुसऱ्याच कुठल्या मितीत अडकून पडला होता आणि त्या तीस वर्षांत स्टॅननं त्याला परत आणण्याखेरीज दुसरा ध्यास धरला नव्हता. स्टॅनचं म्हणणं इतकंच, की मला एकदा धन्यवाद म्हण, मग मी हात धरतो. फोर्ड नाइलाजानं म्हणतो. त्यावर स्टॅन खुशीत काहीतरी बोलतो, त्यात इंग्रजी सर्वनामांचा क्रम चुकतो आणि फोर्डमधला पंडित जागा होतो. तो चूक दुरुस्त करतो. झालं! दोन म्हातारे गुद्द्यांवर येतात, हात सुटतात आणि चार वर्षं जपलेली भविष्यवाणी मातीमोल होते.

हा विनोद आहेच, पण नुसता विनोद नाही. भविष्यवाणी खरी ठरली असती तर सगळे वाचले असते, पण कुणालाच काही करावं लागलं नसतं. हात धरून उभं राहिलं की काम झालं. लेखकानं ती सोपी वाट बांधली, सजवली आणि ऐन वेळी मोडली. कुणी सख्ख्या भावाशी एका वाक्यावरून वर्षानुवर्षं अबोला धरला असेल, तर त्याला हे अशक्य वाटणार नाही.

इथून पुढे जे घडतं, त्यासाठी आणखी दोन बीजं आठवावी लागतात. पहिलं म्हणजे स्मृती पुसणारी बंदूक. ती ऑक्टोबर २०१४ मधल्या एका भागात येऊन गेली होती. तिचा शोध लावणारा गृहस्थ ती स्वतःवरच वापरून वेडा झाला होता आणि आपल्याच जुन्या स्मृतीचं चित्रण पाहून हळूहळू भानावर येऊ लागला होता. दुसरं बीज जास्त खोल आहे. स्टॅन हे त्याचं खरं नावच नव्हे, म्हणजे ज्या 'स्टॅनफर्ड'चं ते लघुरूप लोक समजतात, ते नाव भावाचं. हा मूळचा स्टॅन्ली. भाऊ हरवल्यावर त्यानं स्वतःच्या मरणाचं सोंग रचलं आणि भावाच्या नावानं, भावाच्या घरात तीस वर्षं काढली. २०१५ च्या उन्हाळ्यात हे उघड झालं तेव्हा ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी ठकबाजी म्हणून समोर आली.

आता शेवटचा प्रसंग. बिलला फोर्डच्या डोक्यातलं एक समीकरण हवं आहे. ते मिळालं की तो गावाची हद्द ओलांडून जगभर पसरणार. त्याच्या मुठीत दोन्ही मुलं आहेत आणि त्यातल्या एकाला मारायची धमकी देऊन झाली आहे. पिंजऱ्यात दोघे म्हातारे. फोर्ड म्हणतो, बिल मनात शिरला की ते मन पुसून टाकता येईल, पण माझ्या डोक्यात धातूची पट्टी आहे, बंदूक चालणार नाही. स्टॅन म्हणतो, माझं डोकं आहे की. पण त्याच्या डोक्यात बिलला हवं असं काहीच नाही! म्हणून मग दोघे कपडे बदलतात. बिल ज्याला फोर्ड समजून हात मिळवतो आणि ज्याच्या मनात शिरतो, तो स्टॅन असतो. आत एक साधी बैठकीची खोली, खुर्चीत बसलेला म्हातारा. दार बंद होतं, निळ्या ज्वाळा पेट घेतात आणि स्टॅन त्या त्रिकोणाला एक ठोसा लगावतो.

ज्या सोंगानं स्टॅननं भावाचं नाव चोरलं असं वाटत होतं, त्याच सोंगानं तो भावाला आणि मुलांना वाचवतो. कौशल्य तेच, ठकबाजीचं. फक्त या खेपेला गिऱ्हाईक दुसरं आणि किंमत स्वतःच्या खिशातून. मुलांच्या मालिकांमध्ये माणसं बहुधा सुधारतात, म्हणजे आपला मूळ स्वभाव सोडून दुसरं कुणीतरी होतात. स्टॅन सुधारत नाही. तो शेवटपर्यंत ठकसेन राहतो आणि म्हणूनच जग वाचतं. बंदुकीच्या तबकडीवर फोर्ड स्वतःच्या हातानं भावाचं खरं नाव लिहितो, स्टॅन्ली पाइन्स. तीस वर्षांनी ते नाव कुणीतरी लिहितं, तेही पुसण्यासाठी. एवढ्या ताकदीचा प्रसंग मोठ्यांच्या मालिकांतही मी फार पाहिलेला नाही. त्याआधी त्या घराचाच यंत्रमानव करून केलेली हाणामारी मात्र मला लांबलेली वाटते. डोळ्यांना मेजवानी आहे, कथेला तिची गरज थोडी.

पुढचा भाग वादाचा आहे. आकाश शिवलं जातं, गाव पूर्ववत होतं आणि स्टॅन कुणालाच ओळखत नाही. मेबल त्याला घरी खुर्चीत बसवते आणि चिकटवही उघडून वाचू लागते. इथे आपल्याला शाकुंतल आठवल्याशिवाय राहत नाही. दुष्यंताला शापानं विसर पडतो आणि कोळ्याला सापडलेली अंगठी पाहून सगळं आठवतं. खुणेची वस्तू ती हीच. फरक इतकाच, की कालिदासाची अंगठी एका क्षणात काम करते आणि इथे चिकटवहीच्या पानांवर म्हातारा कोराच राहतो. मग मेबलचं डुक्कर त्याच्या अंगावर चढतं आणि स्टॅन वैतागून त्याला नावानं हाक मारून खाली उतर म्हणतो. नावानं! पहिलं काय आठवलं, तर ज्याला त्यानं उन्हाळाभर हिडीसफिडीस केलं, ते डुक्कर. हसता हसता डोळे पुसायला लावणारी जागा आहे ती.

काही प्रेक्षकांना हे फार लवकर झालं असं वाटतं. बलिदान दिलं आणि दहा मिनिटांत परत मिळालं, मग किंमत ती काय मोजली? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. मीही तिथे आणखी थोडा वेळ, निदान एखादी रात्र मध्ये जाऊ दिली असती. पण परतीची वाट लेखकानं ऐन वेळी काढलेली नाही. पुसलेली स्मृती नोंदींवरून परत येऊ शकते, हे सोळा महिने आधी दाखवून झालं होतं आणि मेबल तर पहिल्यापासून कात्री-डिंक घेऊन बसलेली होती. शिवाय खरी किंमत वेगळीकडे मोजलेली आहे. सुट्टी संपते. ३१ ऑगस्टला जुळ्यांचा तेरावा वाढदिवस साजरा होतो आणि त्यानंतर ती बसमध्ये बसतात. मेबलनं ज्यासाठी सगळं पणाला लावलं, ती सुट्टी काही तिला मिळत नाही. मिळते ती चिकटवही. आणि डुक्कर! बसचा ड्रायव्हर प्राणी चालणार नाही म्हणतो, तेव्हा दोघे आजोबा त्याला धमकावून तो प्रश्न सोडवतात. आपल्या एसटीत काय झालं असतं, सांगता येत नाही.

निरोपाच्या या शेवटच्या मिनिटांत कुणीही भाषण करत नाही, हे मला फार आवडतं. वेंडी नावाची मोठी मुलगी, जिच्यावर डिपर उन्हाळाभर भाळलेला होता, त्याच्याशी टोप्यांची अदलाबदल करते. स्टॅन आपलं दुकान नोकराच्या, सूसच्या, हवाली करतो. दोघे म्हातारे भाऊ लहानपणी ठरवल्याप्रमाणे बोट घेऊन समुद्रावर जातात. एकेक वाक्य, एकेक वस्तू, पुढे.

आता शेवटची खोडी. बिल नष्ट होताना काहीतरी अगम्य बडबडतो. मालिकेनं मुलांना पहिल्यापासून सांकेतिक लिपी उलगडायची आणि ध्वनिमुद्रण उलटं वाजवायची सवय लावली होती. तेव्हा हेही मुलांनी उलटं वाजवलं आणि त्यात परत येण्यासाठी केलेला धावा सापडला. श्रेयनामावलीनंतर क्षणभर खरंखुरं, चित्र नसलेलं जंगल दिसतं आणि त्यात बिलचा दगडी पुतळा. हर्शनं तो पुतळा खरोखरच जंगलात ठेवला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यानं शोधाचा खेळ जाहीर केला. खुणा रशिया आणि जपानपर्यंत पसरलेल्या होत्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ऑरेगनमधल्या रीड्सपोर्टजवळ पुतळा सापडला. त्या जागेच्या मालकीवरून वाद निघाला आणि पुतळा तिथून हलवावा लागला. पुढे तो कॅलिफोर्नियातल्या कन्फ्यूजन हिल या ठिकाणी गेला. स्टॅनच्या दुकानासारखंच, पर्यटकांना चकवून खूश करणारं ते रस्त्याकडेचं ठिकाण आहे. हर्शनं नंतर पुस्तकं काढली, २०२४ मध्ये तर खुद्द बिलच्या नावानं एक. पण त्या उन्हाळ्याचा एक दिवसही त्यानं पुढे वाढवलेला नाही. पुतळ्याचा एक हात मात्र पुढे केलेला आहे, कुणीतरी येऊन तो हातात घ्यावा म्हणून.