भंडारा जिल्ह्यातील तलाव आणि कार्यक्षमतेचे मापन

भंडारा जिल्ह्यातील धानशेतीस जुन्या मालगुजारी तलावांचा मोठा आधार आहे. यांतील पुष्कळ तलाव कोहळी समाजाने बांधले. मालगुजारी नष्ट करणाऱ्या १९५० च्या कायद्यानंतर ते शासनाकडे आले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. दुरुस्तीचा पैसा अपुरा असता, पाण्याचा सदुपयोग कोणत्या तलावावर होतो हे ठरवावयाचे कसे?

फॅरेल यांच्या १९५७ मधील विवेचनावरून चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी १९७८ साली जी आवरण-पद्धती सिद्ध केली, ती येथे उपयोगी पडते. तीत प्रत्येक एककाची तुलना सरासरीशी नव्हे, तर उत्तम एककांनी आखलेल्या सीमेशी होते. समजा, चार तलावांखाली धान सारखेच पिकते. पाणी व श्रम यांची मापे ‘अ’ येथे २ व ४, ‘ब’ येथे ४ व २, ‘क’ येथे ४ व ४ आहेत. ‘अ’ आणि ‘ब’ यांचे निम्मे-निम्मे मिश्रण ३ व ३ मध्ये तेच पीक देते; म्हणून ‘क’ची कार्यक्षमता ०.७५ होय. चौथ्या ‘ड’ची मापे २ व ६ आहेत. त्याचा गुणांक १ येतो; तथापि ‘अ’च्या मानाने त्याचे २ श्रम वायाच जातात. कोएली यांच्या १९९६ मधील ‘डीप’सारखे सॉफ्टवेअर ही शिल्लक वेगळी दाखविते, पण विद्यार्थी बहुधा गुणांकाचाच स्तंभ उतरवून घेतात!

एकक कोणते घ्यावे, हा प्रश्न याहून नाजूक आहे. एककांची संख्या आदाने व प्रदाने यांच्या बेरजेच्या निदान तिप्पट असावी, असा संकेत आहे. जिल्ह्यात तालुके सातच. दोन आदाने व एक प्रदान घेतले तरी नऊ एकके हवीत. धानाबरोबर मासळीही मोजली, तर बारा. तालुके घेतल्यास बहुतेक सगळेच कार्यक्षम ठरण्याचा संभव असतो. म्हणून तलाव हेच एकक घेणे इष्ट.

मात्र पाण्याचे माप कागदावरील मूळ क्षमतेवरून घेऊ नये. गाळाने भरलेल्या तलावात तेवढे पाणी साठतच नाही; आणि जे पाणी शेतापर्यंत कधी आलेच नाही, त्याच्या अपव्ययाचा ठपका सॉफ्टवेअर त्या तलावाखालील शेतकऱ्यांवर ठेवते.