घाट चढताना पेन का गळतं?

समजा तुम्ही मुंबईहून पाचगणीला निघाला आहात. खिशाला शाईचं पेन आहे, अर्धं भरलेलं. वाई मागे पडते, गाडी पसरणी घाटाची वळणं घेत वर चढते आणि तेवढ्यात आई ओरडते, "अरे, खिसा बघ तुझा!" पांढऱ्या शर्टावर हा एवढा निळा डाग! पेन बिघडलं म्हणून तुम्ही ते फेकायला निघता. पण थांबा! पेन बिचारं निर्दोष आहे. खरी खोडी आहे हवेची.

कशी, ते पाहू. निबेला मधोमध एक बारीक चीर असते. दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तशीच शाई या चिरेतून टोकापर्यंत येते. याला म्हणतात केशाकर्षण. आता दुसरी गंमत. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येत नाही. दुसरं पाडलं, हवा आत शिरली, की धार लागते. पेनातही तसंच. निबेखालच्या जिभेला खाचा असतात. त्यांतून शाई बाहेर येते आणि तिच्या जागी हवा आत जाते. अशी जीभ असलेल्या पेनाचं पेटंट लुईस वॉटरमन यांनी अमेरिकेत १८८४ साली घेतलं.

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सातव्या भागाने कमी असतो. बाहेरचा दाब कमी झाला, की पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. थंडीत पेपर लिहितानाही असंच होतं. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि ऐन उत्तरावर टप्पकन थेंब पडतो!

उपाय सोपा आहे. घाट चढण्याआधी पेन काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण रिकामं करा. आणि निब वर ठेवा. म्हणजे हवा निघून जाईल, शाई राहील.

शाई बदलायची असेल तर पेन उघडून साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी नको. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. निब अडकली असेल तर रात्रभर पाण्यात भिजू द्या. मग कोरडं करून ड्रॉपरने नवी शाई भरा. दोन शाया एकमेकींत मिसळू नका आणि चित्रकलेची काळी शाई तर मुळीच भरू नका. ती वाळली की चीर बंद!

पूर्वी शाईची पूड पाण्यात कालवून शाई करत. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत अशी पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे 'कॅम्लिन' उभी राहिली.

तेव्हा यापुढे पेन गळलं, तर फेकू नका हं! आधी धुऊन बघा. आणि शर्टाचं काय? तो मात्र तुम्हीच धुवा!